एसीतला गॅस जातो कुठे?

सप्टेंबर २०२५ मध्ये मला घोटीत एकच प्रश्न चार जणांनी विचारला. "एसी घ्यायचाय, २२ तारखेपर्यंत थांबू ना?" थांबा, हेच उत्तर होतं. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेची बैठक झाली, एसीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरलं आणि ते लागू झालं २२ सप्टेंबर २०२५ पासून. दुकानदार स्वतःच सांगत होते, आठवडाभर कळ काढा.

चौथे होते आमचे राईस मिलवाले अण्णा. ते तेवढ्यावर उठणारे नव्हेत. "दुकानदार म्हणतो नवीन गॅसचा घ्या, जुन्याला पुढे गॅस मिळणार नाही. मेकॅनिक म्हणतो नवीन गॅस पेट घेतो, जुनाच बरा. आणि मोबाईलवर कोणीतरी पाठवलंय की सरकार एसीवरच बंदी आणतंय. तू पत्रकार ना? मग नेमकं बंद काय केलंय ते सांग."

टपरीवर अर्धवट काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण १६ सप्टेंबर म्हणजे ओझोन दिन. शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा होतात, पृथ्वीला छत्री धरलेली चित्रं निघतात. तेव्हा म्हटलं, अण्णांचं उत्तर त्याच निमित्ताने पुरं करू. थोडं लांबलंय, सवडीने वाचा.

आधी एक कबुली. वीस वर्षांपूर्वी कोणी मला सांगितलं असतं की घोटीत एसीचा सेल लागेल, तर मी हसलो असतो. इगतपुरी तालुका म्हणजे चार महिने पाऊस आणि चार महिने स्वेटर. कौलारू घर, वर माळा, मे महिन्यात दुपारी ओटीवर चटई टाकली की झालं. आता कौलं गेली, स्लॅब आले. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. वर पत्र्याची शेड असेल तर विचारूच नका. त्यामुळे एसी लावणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. माझ्याही घरी आहे.

तसं पाहिलं तर थंड हवेचं यंत्र घोटीवरून फार आधी गेलंय, फक्त थांबलं नाही. पंजाब मेलला १९४५ साली वातानुकूलित डबे लागले. ही गाडी १९१२ पासून आपल्याच घाटातून जाते. त्याच्याही आधी, १९३४ मध्ये, दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्या फ्रंटियर मेलला देशातला पहिला थंड डबा लागला होता, तेव्हा डब्याखाली पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरत आणि त्यावरून हवा आत सोडत. मुंबईचं रीगल थिएटर १९३३ चं, तेही थंडगार. म्हणजे गारवा होता, पण तो साहेबाचा, सेठचा आणि पहिल्या वर्गाच्या तिकिटाचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं भांडण याच्यावरच आहे.

आता गॅसचं. एसीत गॅस असतो म्हणजे तो जळतो किंवा खर्च होतो असा आपल्यातल्या बहुतेकांचा समज आहे, कारण आपल्याला गॅस म्हणजे सिलिंडरचा माहीत. एसीतला गॅस खर्च होत नाही. तो तांब्याच्या नळीतून फिरत राहतो. आतल्या युनिटमध्ये खोलीची उष्णता घेऊन त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती दाबतो, बाहेरच्या युनिटमध्ये ती उष्णता टाकून तो पुन्हा पातळ होतो आणि परत आत येतो. नळी बंद असेल तर दहा-पंधरा वर्षं तोच गॅस फिरतो. मेकॅनिक जेव्हा म्हणतो "गॅस संपला", तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की नळीला कुठेतरी गळती आहे आणि गॅस हवेत गेलाय.

सुरुवातीच्या यंत्रांत अमोनिया नाहीतर सल्फर डायऑक्साइड असे. गळती झाली की माणसं गुदमरत. बर्लिनमध्ये असं एक अख्खं कुटुंब गेल्याचं वाचून आइन्स्टाइनने झिलार्डबरोबर वेगळ्या प्रकारच्या फ्रीजची पेटंटं घेतली होती, ही गंमत फार जणांना माहीत नसते. त्यांचा फ्रीज काही बाजारात आला नाही. उत्तर आलं अमेरिकेतून. जनरल मोटर्समधल्या थॉमस मिजली नावाच्या माणसाने १९२८ मध्ये क्लोरीन आणि फ्लोरिन असलेला नवा गॅस शोधला. १९३० साली त्याने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीभरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. विष नाही, पेट घेत नाही, हे एका फुंकरीत सिद्ध. फ्रिऑन हे त्याचं व्यापारी नाव. (याच मिजलीने पेट्रोलमध्ये शिसं घालायचा शोधही लावला होता. एकाच माणसाच्या हातून दोनदा असं घडावं, नशीबच म्हणायचं.)

या कुटुंबातला आर-१२ हा फ्रीजमध्ये आणि गाडीच्या एसीत गेला, आर-२२ घरच्या एसीत. आपल्याकडे गोदरेजने १९५८ मध्ये फ्रीज बनवला. व्होल्टास १९५४ ची. मफतलाल गटाने १९६७ मध्ये सुरतजवळ भेस्तानला गॅसचा कारखाना काढला. जुन्या मेकॅनिकला "माफ्रॉन" म्हणा, त्याचा चेहरा उजळतो. सिलिंडरवरचं ते नाव याच कारखान्याचं.

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या दोघांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला की हा गॅस खाली काहीच करत नाही म्हणूनच तो वर जातो, वर गेला की उन्हाने फुटतो आणि सुटलेला क्लोरीन ओझोन खातो. कंपन्यांनी अकरा वर्षं त्यांना खोटं पाडायचा प्रयत्न केला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर खरंच ओझोनचा थर विरळ झाल्याचं ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. मग दोन वर्षांत करार. १६ सप्टेंबर १९८७, मॉन्ट्रियल. ओझोन दिन त्याच तारखेचा.

भारताने त्या करारावर सही केली नाही.

इथे थोडं थांबू या, कारण मला वाटतं या सगळ्या इतिहासात आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं पान हेच आहे. आपलं म्हणणं साधं होतं. हा गॅस अर्धशतक तुम्ही वापरलात. आमच्याकडे फ्रीज अजून हुंड्यात मागितला जातो, एवढी त्याची नवलाई आहे. आणि नवीन गॅस कोणाकडे? पुन्हा तुमच्याच कंपन्यांकडे, पेटंटसकट. म्हणजे खड्डा तुम्ही पाडला आणि मुरूम आम्ही तुमच्याचकडून विकत घ्यायचा. चीनही याच मताचा. जगातली दोन सगळ्यात मोठी बाजारपेठा होऊ घातलेली माणसं बाहेर राहिली तर करार कागदावरच राहणार हे युरोप-अमेरिकेलाही कळत होतं.

जून १९९० मध्ये लंडनला बैठक झाली. व्ही. पी. सिंहांचं सरकार होतं, मनेका गांधी पर्यावरण राज्यमंत्री. आपण तिथे अडून बसलो: तंत्रज्ञान द्या, पैसे द्या, मग सही. आणि मिळवलं. बहुपक्षीय निधी नावाचा खास फंड तयार झाला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत-चीन आले तर २४ कोटी. नीट बघा, दोन देशांच्या सहीची किंमत ८ कोटी डॉलर असं करारात जवळजवळ लिहूनच ठेवलेलं. गरीब देशांना दहा वर्षांची जास्तीची मुदतही होती. १९ जून १९९२ ला भारत करारात आला.

तेव्हा दिल्लीतल्या काही इंग्रजी अग्रलेखांना हे हटवादीपणाचं वाटलं असेल. मला वाटत नाही. वेळ आणि पैसा दोन्ही मिळाल्यावर आपण काय केलं ते बघा. २००० साली नियम आले. १ जानेवारी २००३ नंतर नव्या फ्रीजमध्ये जुना गॅस घालायला मनाई झाली. १ ऑगस्ट २००८ ला दम्याच्या पंपांपुरता अपवाद ठेवून त्या गॅसचं उत्पादनच थांबवलं, मुदत २०१० ची असताना. ग्राहकाला काही कळलंही नाही. तुमच्या घरच्या फ्रीजचा गॅस कधी बदलला, आठवतंय कोणाला? मला आठवत नाही. कारखान्यांना यंत्रं बदलायला त्या फंडातून पैसे मिळाले होते, म्हणून बोंब झाली नाही. आणि ओझोनचा थर भरून यायला लागला. २०२३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमारास तो १९८० सारखा होईल, अंटार्क्टिकावर २०६६ च्या आसपास. एवढ्या मोठ्या जागतिक कामात यश आल्याचं दुसरं उदाहरण मला तरी पटकन आठवत नाही.

एसीतला आर-२२ मात्र मागे राहिला होता. तो ओझोनला आर-१२ पेक्षा बराच कमी त्रास देतो, म्हणून त्याला जास्त मुदत मिळाली. २००७ मध्ये तीही आवळली. अण्णा, तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. ३१ डिसेंबर २०२४ नंतर आर-२२ घालून नवीन एसी बनवायला आपल्या देशात मनाई आहे. एसीवर बंदी नाही. जुन्या एसीवरही नाही. दुरुस्तीसाठी आर-२२ मिळत राहील, पण कोटा दरवर्षी आटत २०३० पर्यंत जवळपास शून्यावर येणार, नंतर २०४० पर्यंत अगदी थोडा. म्हणजे मिळणार नाही असं नाही, महाग होत जाणार.

मग आर-२२ च्या जागी काय आलं? पहिल्यांदा आर-४१०ए. त्यात क्लोरीन नाही, ओझोन सुरक्षित. पण तो हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट उष्णता अडवतो. आर-२२ स्वतः १८१० पट. म्हणजे ओझोनचं दुखणं बरं करताना तापमानवाढीचं औषध उलटं पडलं. दुसरं भांडण इथून सुरू झालं आणि त्यात आपलीच माणसं होती.

त्या भांडणाच्या आधी एक लाजिरवाणं प्रकरण सांगितलं पाहिजे, कारण आपण नेहमीच शहाण्यासारखे वागलो असं चित्र मला उभं करायचं नाही. आर-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा एक टाकाऊ वायू निघतो, कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट तापवणारा. तो जाळून टाकायचा खर्च किरकोळ. पण क्योटो करारानंतर तो जाळल्याबद्दल कार्बन क्रेडिट मिळायला लागली, आणि २००५ नंतर भारत आणि चीनमधल्या कारखान्यांना मुख्य मालापेक्षा कचरा जाळण्यात जास्त पैसा सुटायला लागला. गिरणीने तांदळापेक्षा कोंडा जाळून श्रीमंत व्हावं तसं. कचऱ्यासाठी माल काढतायत अशी ओरड झाली. २०१३ पासून युरोपने ती क्रेडिट घेणं बंद केलं. शेवटी ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने देशातल्या पाचही कारखान्यांना आदेश दिला की हा वायू स्वखर्चाने जाळा. उशिरा, पण दिला.

हा आदेश आला तो किगालीच्या बैठकीच्या ऐन वेळी. किगाली म्हणजे रवांडाची राजधानी. पण त्याची तयारी वर्षभर आधी झाली होती. तेव्हा पर्यावरणमंत्री होते आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर. तोवर भारताची भूमिका अशी होती की हा विषय ओझोनच्या करारात आणूच नका. एप्रिल २०१५ मध्ये भारताने ती सोडली आणि स्वतःचा प्रस्ताव मांडला: आम्ही कमी करू, पण आम्हाला २०३० च्या पुढची सुरुवात द्या. नोव्हेंबरमध्ये दुबईत त्यावर बोलायला सगळे तयार झाले. जुलै २०१६ मध्ये खातं अनिल माधव दवे यांच्याकडे गेलं आणि १५ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे किगालीत सौदा झाला. श्रीमंत देश २०१९ पासून कमी करणार. चीन आणि बहुतेक गरीब देश २०२४ ला थांबणार. भारत, पाकिस्तान, इराण, इराक आणि आखातातले काही देश २०२८ ला थांबणार, २०३२ पासून कपात, २०४७ पर्यंत ८५ टक्के. मंत्रिमंडळ वगैरे होऊन सप्टेंबर २०२१ मध्ये भारताने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

परदेशी पेपरांनी तेव्हा भारताला अडेलतट्टू ठरवलं. पण अमेरिकेत दहातल्या नऊ घरांत एसी आहे. आपल्याकडे केंद्राच्याच २०१९ च्या कूलिंग अॅक्शन प्लॅननुसार शंभरातल्या आठ घरांत. ज्या घरात पहिला एसी अजून यायचाय, त्या घराला चार वर्षं जास्त मागितली तर त्यात हट्ट कसला? पंजाब मेलच्या पहिल्या वर्गातला गारवा घोटीच्या स्लॅबखाली यायला ऐंशी वर्षं लागली आहेत.

मोबाईलवर फिरणारा दुसरा आक्षेप असा की गॅस बदलायचे नियम हे कंपन्यांचे खेळ आहेत, पेटंट संपलं की जुना गॅस वाईट ठरतो. हा आक्षेप अगदीच वेडगळ नाही. सगळ्यात नव्या गॅसची पेटंटं दोन-तीन अमेरिकन कंपन्यांकडे आहेत आणि किगालीत आपल्या लोकांना हीच धास्ती होती. पण घरच्या एसीत आपण ज्या आर-३२ वर आलो, त्यावरची मूलभूत पेटंटं जपानच्या डायकिनने आधी विकसनशील देशांना आणि २०१५ मध्ये सगळ्यांना मोकळी केली. त्याची तापवण्याची ताकद ६७५ पट, म्हणजे आर-४१०ए च्या तिसऱ्या हिश्शाएवढी. आणि दुसरा पर्याय तर कोणाच्याच पेटंटचा नाही: आर-२९०, म्हणजे साधा प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. ताकद फक्त ३ पट. गोदरेजने जर्मन मदतीने पुण्याजवळ शिरवळला लाइन टाकून २०१२ मध्ये त्याचा एसी बाजारात आणला. जगात अशा पहिल्यावहिल्या प्रयत्नांत तो मोजला जातो, आणि तो महाराष्ट्रातला आहे हे आपल्याला कोणी सांगत नाही.

बरं, भडक्याचं काय? मेकॅनिक खोटं बोलत नाही. आर-३२ सहज पेटत नाही पण पेटू शकतो. आर-२९० पेटतोच. मात्र एका एसीत तो अर्ध्या किलोपेक्षाही कमी असतो, आणि आपण स्वयंपाकघरात १४.२ किलोचा सिलिंडर ठेवून शेजारी काडी ओढतो. कंपनीने बसवलेला, खोलीच्या मापाचा एसी घरातल्या माणसाला धोक्याचा नाही. धोका आहे तो मेकॅनिकला. ज्याचा हात आर-२२ वर बसलाय, जो नळीत गॅस असतानाच ब्रेझिंगची ज्योत पेटवतो, कारण वीस वर्षं काही झालं नाही, त्याला. आणि आर-२२ महाग झाला म्हणून जुन्या एसीत पेटणारा गॅस भरणाऱ्याच्या गिऱ्हाइकाला. असं कोणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता माझ्या घरची गोष्ट. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. माझा जुना, सेकंडहँड स्प्लिट थंड करेना. मेकॅनिक आला, तालुक्यातलाच, मेहनती पोरगा. "दादा, गॅस संपलाय." त्याने बाहेरच्या युनिटचा नट सैल केला, सुं आवाज करत उरलासुरला गॅस गेला. मग सिलिंडर लावला, नळीतली हवा काढायला नव्या गॅसचाच एक झोत मारला, वाल्व्ह बंद, गेज बघितलं, झालं. अर्धा तास, अठ्ठावीसशे रुपये. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच. गळती शोधलीच नव्हती. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि दमट हवा बाहेरच्या कॉइलला आणि नटांना काय करते ते तुम्हाला माहीतच आहे.

मी नंतर हिशेब मांडला. एका भरणीत ८०० ग्रॅम आर-२२ हवेत गेला असं धरलं तर तो सुमारे १४५० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. मोटारसायकलवर तेवढा धूर सोडायला सव्वासहाशे लिटर पेट्रोल जाळावं लागेल, म्हणजे घोटी-नाशिक जाऊन-येऊन साडेचारशे खेपा. मी त्या एका सुं मध्ये केल्या.

त्या पोराला या वर्षी विचारलं, नायट्रोजनने गळती का तपासत नाहीस, व्हॅक्यूम पंप का लावत नाहीस? तो म्हणाला, "दादा, त्याला अडीच-तीन तास लागतात. मे महिन्यात मी दिवसाला आठ कॉल करतो. तुम्ही दोन तासांचे जास्तीचे पैसे द्याल का? मागच्या वेळी तुम्हीच म्हणाला होता, लवकर उरक, मॅच सुरू होतेय." खरं होतं. म्हणालो होतो.

मग त्याने उलटा प्रश्न टाकला. "समजा रिकव्हरी मशीन घेतलं आणि जुना गॅस सिलिंडरमध्ये भरला. तो द्यायचा कुठे?" मी नाशिकमधल्या तीन-चार गॅसच्या दुकानांत फोन केले. एकाने विचारलं विकत पाहिजे का, दुसऱ्याने फोन ठेवला. परत घेतो असं एकही म्हणालं नाही.

माझं भांडण एवढ्यासाठी आहे. लंडनपासून किगालीपर्यंत आपण जे मिळवलं ते कंपन्यांपर्यंत पोचलं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या टप्प्यात एसी बनवणाऱ्या सहा मोठ्या कंपन्यांना गॅस बदलायला मदत होती, फोमच्या तीनशेहून जास्त छोट्या कारखान्यांना होती, ती द्यायलाच हवी होती. त्याच योजनेत मेकॅनिक किती शिकवायचे? १६ हजार. अख्ख्या देशात. २०१९ च्या प्लॅनने तो आकडा एक लाखावर नेला. चांगलं झालं. पण अमेरिकेत १ जुलै १९९२ पासून असा गॅस मुद्दाम हवेत सोडणं गुन्हा आहे आणि प्रमाणपत्राशिवाय त्या नळीला हात लावता येत नाही. आपल्याकडे पाना आणि सिलिंडर असला की माणूस एसी मेकॅनिक. २०२३ मध्ये ई-कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन शीतवायूची विल्हेवाट नीट लावा असं वाक्य आलं. ते वाक्य घोटीत पोचायचं आहे.

उलट जे नियम लगेच जाणवतात ते ग्राहकाला दिसणारे. १५ ऑक्टोबर २०२० ला गॅस भरलेले एसी आयात करायला बंदी आली, ती पर्यावरणापेक्षा आत्मनिर्भरतेसाठी. २०२० पासून नवीन एसी सुरू केला की आपोआप २४ वर लागतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर म्हणाले की एसी २० च्या खाली जाणारच नाही असा नियम करू, तर सगळ्या देशाने डोक्यावर घेतलं. माझ्या घरात किती थंडी असावी हे दिल्लीने का ठरवावं, वगैरे. वीज वाचते हे खरं आहे, चर्चा व्हावीच. पण नळीतून सुं करून जाणाऱ्या गॅसबद्दल एका चॅनेलवर अर्धा तास झाला नाही. रिमोटवर भांडता येतं, नटावर कोण भांडणार?

आणि घाई का, तर एका गोष्टीमुळे. किगालीच्या सौद्यात भारताची कपात कशावरून मोजायची, तर २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांच्या सरासरी वापरावरून, त्यात जुन्या गॅसच्या कोट्याचा काही भाग मिळवून. म्हणजे या तीन वर्षांत जेवढा जास्त गॅस लागेल तेवढी पुढची मर्यादा सैल. देशाला कमी वापरण्याची घाई करायचं काहीच कारण नाही अशी ही तीन वर्षं. २२ सप्टेंबर २०२५ नंतर कर कमी होऊन जे एसी विकले जातायत ते दहा वर्षं भिंतीवर राहतील. त्यांच्या नळ्या कोण उघडेल आणि कशी, हे आत्ता ठरतंय.

जिल्ह्यात सातपूरला आयटीआय आहे, नाशिकला गॅसचे वितरक आहेत. जुना गॅस परत घेणारं एक केंद्र जिल्ह्याला मिळावं आणि नोंदणी असलेल्या मेकॅनिकला पंप आणि रिकव्हरी मशीनवर अनुदान मिळावं, असं निवेदन आम्ही काही जण मिळून तयार करतोय. ट्रॅक्टरला, ठिबकला अनुदान मिळतं तसं. सही करायची असेल त्यांनी बाजारपेठेत भेटा, नाहीतर मेसेज टाका. मेकॅनिक मंडळींनी तर नक्की या, मसुदा तुम्हीच सुधारायचाय.

काल अण्णांना हे सगळं तोंडी सांगून पाहिलं. सुपारी कातरत शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे दुकानात विचारायचं, गॅस कुठला. आर-३२ किंवा तो सिलिंडरवाला. बरोबर?"

"बरोबर. आणि बसवायला माणूस येईल तेव्हा त्याला विचारा, व्हॅक्यूम पंप आणलाय का."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर चहा पाजा आणि उद्या पंप घेऊन यायला सांगा."

"त्याचे जास्तीचे मागेल तो."

"द्या ना अण्णा, दहा टक्के कर वाचलाय की तुमचा."